विद्येचें स्थलांतर

जालना जिल्ह्याच्या उत्तर भागांत, पूर्णा व केळना ह्या नद्यांच्या परिसरांत, जाफराबाद हें तालुक्याचें गांव आहे. ह्या गांवाची पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरांत उगम पावते आणि पुढें गोदावरीस मिळते. पलीकडे वऱ्हाडांत पूर्णा ह्याच नांवाची दुसरी नदी वाहते. ती तापीस जाते. नांव एक, पण पाण्याची वाट वेगळी. जाफराबाद तालुक्याची हद्द संपतांच बुलढाणा जिल्ह्याचीं गांवें लागतात. चिखलीचा बाजार, देऊळगांव राजा येथील बालाजीची यात्रा, सोयरिकी, शेतमालाची ने-आण, हे सारे व्यवहार ही सीमा फारशी न मानतां पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. परंतु एक वस्तु अशी होती कीं, ती ही सीमा ओलांडतांना हमखास अडे. ती वस्तु म्हणजे विद्यार्थ्यानें अर्ध्या वाटेपर्यंत संपादन केलेली विद्या.

धान्याचें पोतें एका बाजारांतून दुसऱ्या बाजारांत नेलें तर तें तेथें पुन्हां तोलतां येतें. विद्येचें तसें नाहीं. एखाद्या विद्यार्थ्यानें एका महाविद्यालयांत दीड वर्ष अभ्यास केला, आणि वडिलांची बदली, घरचें दारिद्र्य, आजार वा राजकीय संकट ह्यांपैकीं एखाद्या कारणानें त्याला दुसरीकडे जावें लागलें, तर त्या दीड वर्षाचें मोल कोणीं ठरवावयाचें? जेथून तो निघाला त्या संस्थेनें, कीं जेथें तो पोंचला त्या संस्थेनें? आज ह्या व्यवहारास 'श्रेयांकांचें हस्तांतरण' असें नांव मिळालें आहे. नांव नवें आहे. प्रश्न मात्र जुना आहे. जाफराबादसारख्या सीमेवरच्या गांवीं उभें राहून मागें पाहिलें, तर ह्या प्रश्नाला निरनिराळ्या काळीं निरनिराळीं उत्तरें मिळाल्याचें दिसून येतें. आणि त्या सर्व उत्तरांच्या मुळाशीं एकच गोष्ट असल्याचेंहि कळून येतें.

प्रथम जुनी व्यवस्था पाहूं. १९४८ सालापर्यंत जाफराबाद हैदराबाद संस्थानांतील औरंगाबाद जिल्ह्यांत होतें. ह्या संस्थानांत १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. सर्व विषयांचें उच्च शिक्षण एका भारतीय भाषेंतून, म्हणजे उर्दूंतून, देणारें हें विद्यापीठ त्या काळीं अपूर्व होतें. त्याकरितां १९१७ सालींच भाषांतर खातें उघडण्यांत आलें होतें. पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक, कायदा अशा विषयांचे ग्रंथ उर्दूंत आणणें आणि त्यांसाठीं नवीन परिभाषा घडविणें हें त्याचें काम. औरंगाबाद येथें १९२३ सालीं ह्याच विद्यापीठाचें इंटरमीजिएट कॉलेज निघालें. उर्दू भाषेचे नामवंत पंडित मौलवी अब्दुल हक हे कांहीं काळ तेथें प्राचार्य होते. त्या कॉलेजांतून बाहेर पडलेला विद्यार्थी पदवीसाठीं हैदराबादेस जात असे.

हैदराबाद शहरांत निजाम कॉलेज म्हणून दुसरी एक संस्था होती. ती मात्र १९४७ सालापर्यंत मद्रास विद्यापीठास जोडलेली होती आणि तेथील शिक्षण इंग्रजींतून चाले. अर्थात् एकाच संस्थानांत, एकाच शहरांत, दोन विद्यापीठांच्या दोन वाटा होत्या. एका वाटेवरून दुसरीवर येणें सोपें नव्हतें. कारण पाठ्यक्रम निराळे, परीक्षा निराळ्या आणि भाषाहि निराळी. उर्दूंतून शिकविण्याचा प्रयोग स्वदेशी भाषेच्या गौरवाचा होता हें खरें. परंतु मराठवाड्यांतील मराठी, तेलंगणांतील तेलुगू आणि रायचूर-गुलबर्ग्याकडील कन्नड मुलास ती भाषा घरची नव्हती. जाफराबादकडच्या खेड्यांतील मुलगा घरीं मराठी बोले, वरच्या वर्गांत उर्दूंतून शिके आणि इंग्रजी हा आवश्यक विषय म्हणून अभ्यासी. तीन भाषांचें ओझें घेऊन तो इंटरच्या वर्गांत बसे.

सीमेपलीकडची स्थिति वेगळी होती. वऱ्हाड प्रांत १८५३ सालीं निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखालीं गेला, १९०२ सालीं कायम भाडेपट्ट्यानें त्यांच्याकडेच राहिला आणि पुढें मध्यप्रांतास जोडला गेला. कागदोपत्रीं सार्वभौमत्व निजामाचें आणि प्रत्यक्ष राज्य इंग्रजांचें, असा तो चमत्कारिक प्रकार होता. १९२३ सालीं नागपूर विद्यापीठ स्थापन झालें आणि वऱ्हाड व मध्यप्रांत येथील उच्च शिक्षण त्याच्या छत्राखालीं आलें. अमरावतीस किंग एडवर्ड कॉलेज होतें. नागपूर व जबलपूर येथें तर अनेक महाविद्यालयें होतीं. तेव्हां जाफराबादच्या मुलाला चिखली जवळ आणि हैदराबाद फार दूर. परंतु चिखलीच्या मुलाचें विद्यापीठ नागपूरचें आणि जाफराबादच्या मुलाचें हैदराबादचें. नद्यांप्रमाणेंच येथेंहि नांव एक व वाट वेगळी. दोघेहि 'इंटर' झालेले, पण एकाचें इंटर दुसरीकडे आपोआप चालेलच असें नव्हे.

ह्या काळांत विद्येचें माप कसें घेतलें जाई हें ध्यानांत घेतलें पाहिजे. लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर १८५७ सालीं कलकत्ता, मुंबई व मद्रास हीं तीन विद्यापीठें निघालीं, आणि त्यांच्याबरोबर जी पद्धति आली तिचें केंद्र परीक्षा हें होतें. विद्यार्थ्यानें ठराविक टर्म भरावयाच्या, हजेरी पुरी करावयाची, आणि वर्षाच्या किंवा दोन वर्षांच्या अखेरीस विद्यापीठाच्या परीक्षेस बसावयाचें. परीक्षा उतरला तर सर्व मिळालें. न उतरला किंवा मध्येंच निघाला तर हातीं कांहींच नाहीं. मधल्या अभ्यासाला स्वतंत्र किंमत नव्हती. एका विद्यापीठांतून दुसऱ्यांत जाणाऱ्यास महाविद्यालय सोडल्याचा दाखला, विद्यापीठाचें स्थलांतर प्रमाणपत्र, म्हणजे ज्यास सर्वत्र मायग्रेशन सर्टिफिकेट म्हणतात तें, आणि नव्या विद्यापीठाचें पात्रता प्रमाणपत्र, असे तीन कागद लागत. ह्यांतील पहिले दोन कागद जुनी संस्था देई व तिसरा नवी. पहिले दोन अडले कीं तिसऱ्याचा प्रश्नच उद्भवत नसे.

विद्यापीठांनीं परस्परांच्या परीक्षा मानाव्यात ह्यासाठीं १९२५ सालीं आंतरविद्यापीठ मंडळ स्थापन झालें. तेंच आज भारतीय विद्यापीठ संघ ह्या नांवानें चालतें. एका विद्यापीठाची परीक्षा दुसऱ्याच्या कोणत्या परीक्षेशीं समतुल्य धरावी, ही चर्चा तेव्हांपासून ह्या मंडळाच्या मुख्य कामांपैकीं एक झाली. परंतु ही मान्यता पुरी केलेल्या परीक्षांपुरती होती. शिवाय जेथें सरकारची वा विद्यापीठाची मान्यताच नाहीं, तेथें ह्या व्यवस्थेचा उपयोग नव्हता. असहकारितेच्या चळवळींत ज्या तरुणांनीं सरकारी महाविद्यालयें सोडलीं, त्यांच्यासाठीं पुण्यास १९२१ सालीं टिळक महाराष्ट्र विद्यापीठ निघालें. तेथें शिकविणारे विद्वान् होते आणि शिकणारे निष्ठावंत होते. तथापि त्या पदवीस सरकारी दरबारीं किंमत नव्हती. अभिमत विद्यापीठाचा दर्जा त्या संस्थेस मिळण्यास १९८७ साल उजाडावें लागलें. विद्या खरी असणें आणि ती मोजली जाणें ह्या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें ह्यावरून कळून यावें.

ह्या पार्श्वभूमीवर १९३८ सालची हकीकत पाहिली पाहिजे. त्या वर्षीं हैदराबाद संस्थानांत राजकीय जागृतीची लाट उसळली होती. हैदराबाद स्टेट काँग्रेसवर बंदी आली होती व सत्याग्रह सुरू झाला होता. नोव्हेंबर महिन्यांत औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजांतील वसतिगृहांत विद्यार्थ्यांनीं 'वंदे मातरम्' म्हणण्याचा आग्रह धरला. अधिकाऱ्यांनीं मनाई केली. विद्यार्थी बधले नाहींत. पाहतां पाहतां हें लोण हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत पोंचलें आणि तेथून संस्थानांतील इतर महाविद्यालयांत गेलें. सामुदायिक प्रार्थनेंतील एका गीताचा प्रश्न हां हां म्हणतां विद्यार्थ्यांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न झाला.

विद्यापीठानें कठोर पवित्रा घेतला. विद्यार्थ्यांना प्रथम वसतिगृहांतून काढण्यांत आलें. नंतर ज्यांनीं माघार घेण्याचें नाकारलें त्यांचीं नांवें विद्यापीठांतून कमी करण्यांत आलीं. हे विद्यार्थी शेंकड्यांनीं मोजण्याइतके होते. श्रोत्यांनीं त्या तरुणांच्या स्थितीची क्षणभर कल्पना करावी. कोणी इंटरच्या दुसऱ्या वर्षांत, कोणी बी. ए. च्या शेवटच्या वर्षांत. वार्षिक परीक्षा तोंडावर आलेली. घरचीं माणसें खेड्यांत शेती करणारीं किंवा लहानसहान चाकरी करणारीं. मुलाच्या फीसाठीं त्यांनीं कर्ज काढलेलें. शिक्षा म्हणून काढून टाकलेल्या विद्यार्थ्यास चांगल्या वर्तणुकीचा दाखला कोण देणार? दाखल्यावांचून दुसरें विद्यापीठ त्याला कसें घेणार? माफीच्या दोन ओळी लिहून दिल्या कीं परत वर्गांत बसतां येईल, हें प्रत्येकाला ठाऊक होतें. ज्यांनीं त्या लिहिल्या नाहींत त्यांनीं आपली सर्व शैक्षणिक कमाई पणास लावली होती.

अशा वेळीं नागपूर विद्यापीठाचें दार उघडलें. इतर ठिकाणीं विचारणा होऊनहि तीं दारें सहज उघडलीं नव्हतीं. नागपूरचे त्या वेळचे कुलगुरु टी. जे. केदार ह्यांनीं हैदराबादच्या ह्या विद्यार्थ्यांस प्रवेश देण्याचा निर्णय घेतला. विद्यार्थी नागपुरास आले. विद्यापीठाच्या क्षेत्रांतील इतर शहरांतहि कांहीं गेले. ज्यांना आपल्या विद्यापीठानें अपात्र ठरविलें होतें त्यांना दुसऱ्या विद्यापीठानें पात्र ठरविलें. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पामुलपर्ती वेंकट नरसिंह राव हे ह्याच पिढींतील. वंदे मातरम् चळवळींत भाग घेतल्यामुळें त्यांनाहि हैदराबाद संस्थान सोडून बाहेर शिकावें लागलें. पुण्याचें फर्ग्युसन महाविद्यालय आणि नागपूर विद्यापीठ ह्यांतून त्यांचें शिक्षण पुरें झालें, आणि ह्या वास्तव्यांत ते मराठी अशी शिकले कीं, पुढें त्यांनीं हरिभाऊ आपट्यांची कादंबरी तेलुगूंत नेली.

ह्या घटनेकडे बहुधा स्वातंत्र्यलढ्याचा एक प्रसंग म्हणून पाहिलें जातें, आणि तें योग्यच आहे. परंतु शिक्षणाच्या इतिहासांत तिला आणखी एक अर्थ आहे. नागपूर विद्यापीठानें केवळ दया दाखविली असें नव्हे. त्यानें असें मानलें कीं, उस्मानिया विद्यापीठांत ह्या मुलांनीं जें शिकून घेतलें आहे तें त्यांचें स्वतःचें आहे. त्यांचा राजकीय गुन्हा, तो गुन्हा म्हटला तरी, त्यांच्या गणितास वा इतिहासास दूषित करीत नाहीं. शिकविणाऱ्या संस्थेनें विद्यार्थ्याशीं नातें तोडलें म्हणून त्यानें मिळविलेली विद्या रद्द होत नाहीं, हें तत्त्व येथें कृतींतून मान्य झालें. कोणत्याहि नियमावलींत तें तेव्हां लिहिलेलें नव्हतें.

अडचणी मात्र पुष्कळ होत्या. उस्मानियांत ज्यानें पदार्थविज्ञान उर्दू परिभाषेंतून शिकलें होतें, त्याला नागपुरास तेंच पदार्थविज्ञान इंग्रजींतून लिहावें लागे. विषय ओळखीचा, पण प्रत्येक संज्ञा अनोळखी. विद्या सीमेपलीकडे आली, तरी तिचीं नांवें मागेंच राहिलीं. स्थलांतरांत प्रवेश मिळणें ही पहिली पायरी होय. मिळालेल्या प्रवेशास साजेशी तयारी करणें ही दुसरी. आजहि महाविद्यालय बदलणाऱ्या विद्यार्थ्यास ह्या दुसऱ्या पायरीचा विसर पडतो आणि मग त्रास होतो.

काळाचा प्रश्नहि ह्याच प्रश्नाचें दुसरें अंग आहे. विद्यार्थी एका ठिकाणाहून दुसरीकडे जातो, तसा कधीं कधीं तो शिक्षण सोडून संसाराकडे जातो व पुन्हां परत येऊं इच्छितो. मधल्या काळांत त्याचें जुनें शिक्षण जिवंत राहतें कीं मरतें? ह्याचें उत्तम उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांचें आहे. कोलंबिया विद्यापीठांतील अभ्यासानंतर १९१६ सालीं ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्यें दाखल झाले. पुढच्याच वर्षीं बडोदें संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यानें त्यांना परत यावें लागलें. तथापि लंडन विद्यापीठानें त्यांना ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आंत अभ्यास पुन्हां सुरू करण्याची परवानगी दिली. मुंबईस सिडनहॅम महाविद्यालयांत अध्यापन करून, पैसा सांठवून, १९२० सालीं ते लंडनला परतले. १९२१ सालीं एम. एस्‌सी. आणि १९२३ सालीं डी. एस्‌सी. ह्या पदव्या त्यांनीं मिळविल्या. त्या चार वर्षांच्या परवानगीच्या कागदावांचून ही वाट खुंटली असती. ह्याच बाबासाहेबांनीं १९५० सालीं औरंगाबादेस पीपल्स एज्युकेशन सोसायटीचें महाविद्यालय काढलें, जें पुढें मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्ध झालें. आणि उच्च शिक्षणासाठीं दूर जाण्याची ऐपत नसलेल्या मराठवाड्यांतील दलित मुलांना घराजवळ दार मिळालें.

सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत विलीन झालें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला. आतां प्रश्न एका विद्यार्थ्याच्या स्थलांतराचा राहिला नव्हता. सबंध प्रदेशाचेंच स्थलांतर झालें होतें. महाविद्यालयें मराठवाड्यांत, विद्यापीठ मात्र आंध्रप्रदेशांतील हैदराबादेस, अशी स्थिति झाली. २३ ऑगस्ट १९५८ रोजीं औरंगाबाद येथें मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली; पंडित जवाहरलाल नेहरू ह्यांच्या हस्तें उद्‌घाटन झालें आणि एस. आर. डोंगरकेरी हे पहिले कुलगुरु झाले. उस्मानियाशीं जोडलेलीं मराठवाड्यांतील महाविद्यालयें नव्या विद्यापीठाकडे आलीं. विद्यार्थी होता तेथेंच, बाकावर बसलेला, राहिला. पण त्याचें विद्यापीठ बदललें. अशा वेळीं कायद्यांत संक्रमणाची तरतूद करावी लागते: जुन्या पाठ्यक्रमांत शिकणाऱ्यास तो पुरा करूं द्यावा, त्याची परीक्षा घ्यावी, त्याचें वर्ष वायां जाऊं देऊं नये. १९३८ सालीं जें एका विद्यापीठाच्या औदार्यानें घडलें, तें आतां कायद्याच्या कलमानें घडूं लागलें.

पुढें सीमा आणखीहि बदलल्या. १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा झाला आणि जाफराबाद त्यांत आलें. १९८३ सालीं अमरावती विद्यापीठ निघालें व बुलढाणा जिल्हा नागपूर विद्यापीठाकडून त्याच्याकडे गेला. १४ जानेवारी १९९४ रोजीं मराठवाडा विद्यापीठास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें नांव जोडलें गेलें. त्याच वर्षीं नांदेडचें स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ वेगळें झालें. खुद्द जाफराबादेस सिद्धार्थ महाविद्यालय निघून पदवीचें शिक्षण गांवांतच मिळूं लागलें. परंतु सीमा गेली नाहीं. आजहि जाफराबादचें महाविद्यालय छत्रपति संभाजीनगर येथील विद्यापीठाचें, आणि चिखलीचें वा देऊळगांव राजाचें अमरावतीच्या विद्यापीठाचें.

येथें श्रेयांक ह्या कल्पनेचा उगम सांगितला पाहिजे, कारण ती परीक्षेच्या परंपरेंतून आलेली नाहीं. अमेरिकेंत हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट ह्यांनीं १८६९ पासून विद्यार्थ्यांना विषय निवडण्याची मोकळीक वाढवीत नेली. प्रत्येकानें निराळे विषय घेतल्यावर सर्वांची बेरीज कशी करावयाची? त्यासाठीं शिकण्याच्या तासांचें एक समान माप लागलें. १९०५ सालीं स्थापन झालेल्या कार्नेगी संस्थेनें अध्यापकांच्या निवृत्तिवेतनाची योजना आंखली, आणि त्या योजनेंत येऊं इच्छिणाऱ्या महाविद्यालयांनीं प्रवेशासाठीं माध्यमिक शाळेंतील अभ्यासाचें ठराविक माप मानावें अशी अट घातली. एका विषयाचे वर्षभरांतील सुमारें १२० तास म्हणजे एक माप, असें ठरलें. म्हाताऱ्या प्राध्यापकांच्या पोटाची सोय करतां करतां विद्येचें वजन-माप जगांत रूढ झालें. युरोपांत १९८७ सालीं विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीची इरॅस्मस योजना सुरू झाली आणि तिच्यासाठीं १९८९ सालीं श्रेयांक-हस्तांतरणाची समाईक पद्धति प्रयोगादाखल आली.

भारतांत विद्यापीठ अनुदान आयोगानें २०१५ च्या सुमारास निवडीवर आधारित श्रेयांक पद्धति सर्वत्र लागू करण्याचा आग्रह धरला. २९ जुलै २०२० रोजीं नवीन राष्ट्रीय शिक्षण धोरण मंजूर झालें, आणि जुलै २०२१ मध्यें 'अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स', म्हणजे श्रेयांकांची पेढी, ह्यासंबंधींचे नियम प्रसिद्ध झाले. पेढी हा शब्द येथें अगदीं अन्वर्थक आहे. विद्यार्थ्याचें तेथें खातें उघडतें व त्यास बारा आंकडी क्रमांक मिळतो. एका सत्रांत व्याख्यानाचे सुमारें पंधरा तास म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिकाचे त्याच्या दुप्पट तास. विद्यार्थ्यानें विषय पुरा केला कीं त्याचे श्रेयांक खात्यांत जमा होतात. मात्र विद्यार्थी स्वतः भरणा करूं शकत नाहीं. तो शिकविणाऱ्या संस्थेनेंच करावयाचा असतो. जमा झालेले श्रेयांक साधारणतः सात वर्षेंपर्यंत जिवंत राहतात. आंबेडकरांना जी चार वर्षांची मुदत विशेष परवानगीनें मिळाली, तिच्यापेक्षां मोठी मुदत आतां प्रत्येकास नियमानें मिळते.

व्यवहार कसा होतो तो उदाहरणानें स्पष्ट होईल. महाराष्ट्रांत पदवीच्या पहिल्या वर्षास ४० ते ४४ श्रेयांक, दोन वर्षांस ८० ते ८८, तीन वर्षांस १२० ते १३२ व चार वर्षांच्या ऑनर्स पदवीस १६० ते १७६ अशी मांडणी आहे. जाफराबादेस एक वर्ष पुरें केलेली मुलगी लग्न होऊन चिखलीस गेली असें समजूं. तिच्या खात्यांत ४४ श्रेयांक आहेत. चिखलीच्या महाविद्यालयांत तिनें प्रवेश मागितला तर ते श्रेयांक तिच्याबरोबर जातात. शिक्षण तेथेंच थांबविलें तर पहिल्या वर्षाचें प्रमाणपत्र घेण्याची सोय आहे, आणि पुढें मुदतींत परत येण्याचीहि. परंतु एकदां एका पदवीसाठीं वापरलेले श्रेयांक दुसऱ्या पदवीसाठीं पुन्हां वापरतां येत नाहींत. आणि जी संस्था पदवी देणार तिच्याकडे निदान अर्धे श्रेयांक मिळविणें आवश्यक मानलें आहे.

इतकें झालें तरी सर्व झालें असें नाहीं. खात्यांतील आंकडा पुरा असून चालत नाहीं. विषय जुळावे लागतात. तिचा मुख्य विषय नव्या महाविद्यालयांत शिकवीत नसतील, किंवा त्याच नांवाच्या विषयांत निराळा भाग पहिल्या वर्षीं असेल, तर ४४ पैकीं कांहीं श्रेयांक मुख्य विषयाकडे न जातां ऐच्छिक विषयांत पडतात आणि मुख्य विषयाचा कांहीं भाग पुन्हां करावा लागतो. समतुल्यता ठरविणें हें काम पेढीचें नव्हे. तें घेणाऱ्या विद्यापीठाचें आहे. जागा रिकामी आहे कीं नाहीं, विषय जुळतो कीं नाहीं, हे निर्णय माणसेंच घेतात. म्हणून महाविद्यालय बदलूं पाहणाऱ्यानें निघण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहाव्यात: आपले सर्व श्रेयांक खात्यांत खरोखर जमा झाले आहेत काय, नव्या विद्यापीठाचा पाठ्यक्रम आपल्या पाठ्यक्रमाशीं विषयवार ताडून पाहिला आहे काय, आणि कोणते श्रेयांक कोठें धरले जाणार हें नव्या संस्थेनें लेखी सांगितलें आहे काय. प्रवेश झाल्यावर विचारलेल्या प्रश्नाला बहुधा किंमत उरत नाहीं.

तात्पर्य, ऐंशी-नव्वद वर्षांच्या ह्या प्रवासांत साधनें बदललीं. जेथें दाखला हातांत धरून, आगगाडीच्या तिसऱ्या वर्गांत बसून, कुलगुरूंच्या दारांत उभें राहावें लागे, तेथें आतां खात्याचा क्रमांक पुरतो. जुन्या संस्थेच्या मर्जीची विद्यार्थ्यावरील पकड पूर्वीपेक्षां पुष्कळ सैल झाली आहे, हा मोठा लाभ होय. कारण एकदां जमा झालेली विद्या रागावून परत घेतां येत नाहीं. तरीपण मूळ गोष्ट जेथें होती तेथेंच आहे. एका संस्थेनें दुसऱ्या संस्थेच्या शिकविण्यावर विश्वास ठेवावा लागतो. हा विश्वास नसेल तर पेढींतले आंकडे कोरडे राहतात. आणि असेल तर, १९३८ सालीं दिसून आल्याप्रमाणें, दाखला नसतांनाहि दार उघडतें.

जाफराबादहून चिखलीस जाणाऱ्या रस्त्यावर आज नाकें नाहीं, कीं राज्याची सीमाहि नाहीं. त्या रस्त्यानें जाणाऱ्या विद्यार्थ्याच्या पिशवींत पुस्तकें असतात आणि पेढींत त्याचे श्रेयांक असतात. पलीकडच्या महाविद्यालयाच्या कचेरींत कागद तपासणाऱ्या माणसानें त्याच्याकडे पाहून, हा मुलगा शिकून आलेला आहे, असें प्रथम मानावें व मग आंकडे तपासावेत. केदारांच्या विद्यापीठानें हैदराबादच्या मुलांसाठीं जें केलें त्याचें सार हेंच होतें.